कोंबडी कंपनीची, घाण शेतकऱ्याची!

सरकारने कायदा केला म्हणजे रयतेचे कल्याण झालेच, असे समजणारे भोळे लोक पुष्कळ आहेत. कायद्याच्या कागदावर पाणी, मासा आणि जमीन यांच्याविषयी गोड शब्द असतात. पण त्याचे ओझे अखेर कोणाच्या पाठीवर बसते, हे पाहिल्यावाचून त्याला बरा किंवा वाईट म्हणू नये, असे आमचे मत आहे. शेतकरी बंधूंनो, यासाठी अमेरिकेतील चेसापीक खाडीची हकीकत ऐका.

ही खाडी सुमारे दोनशे मैल लांब. सहा राज्ये व राजधानी वॉशिंग्टन यांतून पाणी वाहून तिला मिळते. हा पाणलोट ६४,००० चौरस मैलांचा. खेकडे, कालवे आणि मासळी यांवर तेथील कोळ्यांचे पोट चाले. पुढे पाण्यातील गवत मरू लागले, मासळी घटली. तेव्हा काँग्रेसने २ कोटी ७० लाख डॉलर मंजूर करून विद्वानांना कामाला लावले. १९७६ ते १९८३ पर्यंत तपास चालला. निदान असे निघाले की, शहरांच्या सांडपाण्यातून आणि शेतांतून वाहून येणारे नत्र व स्फुरद हे दुखण्याचे मोठे मूळ. ज्या खताने रानात पीक माजते त्याच खताने पाण्यात शेवाळ माजते. ते मेले की कुजते, कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते, आणि उन्हाळ्यात मासे व खेकडे गुदमरतात.

निदान उत्तम झाले. मग करारांवर करार झाले. १९८७ साली स्वच्छ पाण्याच्या कायद्यात या खाडीसाठी स्वतंत्र कलम घातले गेले आणि २००० सालापर्यंत नत्र व स्फुरद शेकडा ४० ने घटविण्याचे वचन दिले गेले. ते साल गेले. मग २०१० ची मुदत, तीही गेली. २०१० साली सरकारने नत्राला वर्षाकाठी सुमारे १८ कोटी ६० लाख पौंडांची मर्यादा घालून २०२५ ची मुदत दिली. २०२५ हेही साल गेले, आणि नत्राचा आकडा काही गाठला नाही!

मग सगळेच फसले काय? नाही. मेरीलँड राज्याने २००४ साली घरटी वर्षाला ३० डॉलर कर बसविला व २०१२ साली तो दुप्पट केला. त्या पैशातून सांडपाण्याचे मोठे कारखाने सुधारले. साऱ्या खोऱ्यात सांडपाण्याचे काम मुदतीच्या कितीतरी आधी पुरे झाले. म्हणजे गरीब-श्रीमंत प्रत्येक घराने पैसा दिला, तेथे काम झाले. अडले ते शेतांतून येणाऱ्या पाण्यापाशी.

येथेच खरी मेख आहे. खाडीच्या पूर्वेस डेलमार्वा नावाचा मुलूख आहे. तेथे कोंबड्या कराराने वाढवितात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, वजन भरले की कोंबडी नेणार कंपनी. शेड मात्र शेतकऱ्याने कर्ज काढून बांधायचे. मागे उरते ते कोंबडखत आणि मेलेली कोंबडी. तेवढी शेतकऱ्याच्या मालकीची! आपल्याकडे अर्धलीने म्हैस देतात, तेव्हा वासराचाही हिशेब होतो. येथे दूध एकाचे आणि शेण दुसऱ्याचे, असा नवा न्याय निघाला आहे.

१९९८ साली मेरीलँडने कायदा करून रानात किती खत घालावे याचा आराखडा शेतकऱ्यावर सक्तीचा केला. २०१५ साली स्फुरदाचे नियम आणखी कडक झाले. नियम खोटे नाहीत. त्या जमिनींत स्फुरद खरोखरच साचला आहे. पण जास्तीचे खत उचलायचे कोणी? २०१६ साली ही जबाबदारी कंपन्यांवर टाकणारे विधेयक तेथील कायदेमंडळात आले. ते मंजूर झाले नाही.

कंपन्यांचे कैवारी म्हणतात, "शेतकरी स्वतंत्र धंदेवाला आहे, खत ही त्याची मिळकत आहे." वाहवा! मग कोंबडी का नाही त्याची मिळकत? भाव ठरविताना तो चाकर आणि घाण उचलताना मालक, हा कोणत्या शास्त्रातला न्याय? खत दूर नेण्याच्या गाडीभाड्यास सरकार मदत देते व कंपन्याही त्यात वाटा घालतात, हे आम्ही लपवीत नाही. पण भाड्यात वाटा घालणे वेगळे आणि मालकी पत्करणे वेगळे.

आणखी एक गंमत. २०१० ची मर्यादा मोडून काढण्यासाठी शेतकऱ्यांच्या संघाचे नाव पुढे करून कोर्टात फिर्याद झाली. सोबत कोण? खतवाले, कोंबडीवाले, घरे बांधणारे. २०१६ साली ती फिर्याद सर्वोच्च न्यायालयाच्या दारात संपली. शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे लोक सर्व देशांत सारखेच!

आम्ही कायद्याच्या विरुद्ध नाही. खाडी मेली तर कोळी मरतो, आणि कोळी आमचाच भाऊ. अभ्यासही हवा. पण रोग कळूनही औषध श्रीमंताच्या दारापर्यंत न नेणारा कायदा हा अर्धाच कायदा होय.

आपल्याही गावोगाव कराराची कोंबडी आली आहे. आपली राने भुकेली आहेत, म्हणून आज ते खत खपते. उद्या शेडांशेजारी शेडे झाली, ओढ्याला वास येऊ लागला आणि सरकारचा माणूस दारात उभा राहिला, तर तो कोणाचे नाव लिहून घेईल? म्हणून कागदावर अंगठा उठविण्याआधी पोराकडून करार वाचून घ्या, आणि कोंबडी कोणाची हे विचारता तसेच घाण कोणाची हेही विचारा.