आधी वहीत, मग चौकीत

रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या डोलवी-वडखळच्या पट्ट्यात पोलाद कारखान्यामुळे आगरी, कोळी, कातकरी आणि परप्रांतातून आलेला कामगार शेजारी-शेजारी राहतात. कुणाला जातीवरून, कुणाला भाषेवरून टोचून बोललं जातं. इंग्रजांनी कातकऱ्यांवर मारलेला गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्यातून 1952 मध्ये पुसला गेला, लोकांच्या तोंडून गेलेला नाही. आता तर अशी शिवी मोबाइलवर साऱ्या गटासमोर पडते. ज्याला ती लागते तो गप्प बसतो आणि रात्रभर मनात तेच घोळवतो.

अशा वेळी वही हाताशी घ्यावी, असं मी मनापासून सांगते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांना जास्तच वाईट वाटलं. पण घडलं ते आणि वाटलं ते, दोन्ही लिहिणारे पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या प्रयोगांत सरासरी फायदा दिसला, पण बेताचाच. म्हणून याला रामबाण म्हणू नये.

लिहायचं कसं? ‘मला अपमान वाटला’ एवढ्यावर थांबू नका. जेवणाच्या सुट्टीत समोरचा नेमकं काय म्हणाला, कोण हसलं, कोण खाली मान घालून बसलं, तुमचा घास कुठे अडकला, हे लिहा. शुद्धलेखन सोडून द्या. कुणाला दाखवू नका. फार ताजी जखम असेल, लिहिताना जीव घाबरा होत असेल, तर थांबा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर बोला.

आपल्याकडे मुक्ता साळवेनं 1855 मध्येच लेखणी उचलली होती. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची ही किशोरवयीन मुलगी. तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, आमचा धर्म कोणता, असं तिनं थेट देवालाच विचारलं. याच रायगडात 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून सत्याग्रहींना मारहाण झाली. दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. मात्र लेखणी उचलली म्हणून त्यांनी तळ्यासाठीचा न्यायालयातला लढा सोडला नाही.

तेव्हा वहीत लिहा, पण मोबाइलवरचा तो मजकूर पुसू नका. तक्रारीला तोच पुरावा आहे. आणि पेण तालुक्यातल्या शिक्षकांना विनंती: आठवड्यातून 15 मिनिटं मुलांना असं लिहू द्या, वह्या मात्र तपासायला मागू नका.