खिडकीतून दिसलेला पोरगा

सव्वाशे वर्षांपूर्वी ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहरात एक किरकोळ अंगाचा पोरगा थोराड मुलाच्या हातून रोज मार खायचा. खिडकीतून ते पाहणाऱ्या बेनेदितो नावाच्या म्हाताऱ्या आफ्रिकन गृहस्थाने त्याला घरात बोलावलं आणि कापोएरा शिकवला. तोच पोरगा पुढे मेस्त्रे पास्तिन्या झाला. मेस्त्रे म्हणजे गुरू. आपला मेस्त्री याच पोर्तुगीज शब्दातून आला.

कापोएरा म्हणजे गाण्याच्या तालावर लाथांनी खेळायचा, गुलामांनी जपलेला खेळ. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये संपली आणि १८९० च्या दंडसंहितेने कापोएरा गुन्हा ठरवला! आज त्याच खेळावर गरीब वस्त्यांतली मुलं उभी राहताहेत. काँगोतल्या गोमा शहरात सशस्त्र टोळ्यांतून सुटलेल्या मुलांनाही २०१४ पासून तो शिकवला गेला.

रिंगणात दोन मुलं, भोवती टाळ्या आणि गाणं. बेरिंबाउ या वाद्याला आपल्या तुणतुण्यासारखी एकच तार, खाली कोरलेला भोपळा. तार पुष्कळदा जुन्या टायरमधून काढलेली. वाद्याची लय संथ झाली की खेळणाऱ्यांनीही संथ व्हायचं. लाथ नाकापर्यंत येते आणि थांबते. समोरचा वाकून निसटतो, हसतो, उलटून येतो. घरीदारी मार खाल्लेल्या पोराला इथे प्रथमच कळतं, की अंगात जोर असूनही लाथ आवरता येते, आणि समोरचाही ती आवरतो. याने फी भरली जात नाही, पोट भरत नाही. पण उद्या पुन्हा यावंसं वाटेल अशी एक जागा मिळते, आणि आपण आलो नाही तर विचारणारं माणूस मिळतं. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

शिकवणाऱ्या त्या माणसाचं काय होतं, हे मात्र सांगायलाच हवं. रिंगणातल्या कापोएराला युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या वारशात स्थान दिलं. पास्तिन्यांची तालमीची जागा मात्र त्यांच्या हयातीतच गेली होती. दृष्टी गमावलेले पास्तिन्या १९८१ मध्ये हलाखीत वारले.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत कुणीतरी संध्याकाळी पोरांना मल्लखांब, लेझीम, कबड्डी शिकवत असेल, बहुधा फुकटच. यंदा फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे जा, आणि मैदानाचं भाडं कोण भरतं, तेवढं विचारून या.