रंध्याच्या वर आणि रंध्याच्या खाली

भरल्या पावसाळ्यात अकोले तालुक्यातील रंधा धबधब्यासमोर उभे राहिले की माणूस काही काळ बोलेनासा होतो. रतनगडाच्या डोंगरात उगम पावलेली प्रवरा येथे सुमारे १७० फूट खोल दरीत कोसळते. शहरांतून आलेले पाहुणे तुषारांत भिजतात, भाजलेली कणसे खातात आणि अंधार पडण्यापूर्वी परतीचा रस्ता धरतात. मात्र पाऊस सरल्यावर रंध्याला पाणी किती असावे, हे आभाळ नव्हे तर वरच्या भंडारदरा धरणाची दारे ठरवतात, याची जाणीव त्यांतील फार थोड्यांना असते.

या धरणाचा इतिहास दुष्काळाचा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांच्या दुष्काळांनी दख्खनचे कंबरडे मोडले आणि पाटबंधाऱ्यांचा विचार सरकारला करावाच लागला. भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी अडले. ते नदीपात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत आणि तेथून कालव्यांनी राहुरी-श्रीरामपूरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पोहोचले. तेथे ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. रंध्याखालचे हे कर्तृत्व निर्विवाद आहे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट आठवते. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटबंधाऱ्याचे मोल केवळ पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरवू नये, शेती, रोजगार व व्यापार यांत पडणारी भरही मोजावी, ही दृष्टी त्यामागे होती. परंतु ही मोजणी लाभक्षेत्राची होती. रंध्याच्या वरच्या अंगाचा जमाखर्च तिच्या कक्षेत येत नव्हता, आणि त्यानंतरही तो तितक्या आस्थेने कोणी मांडला नाही.

रतनवाडी, घाटघर, साम्रद या परिसरात प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती आहे. खोऱ्यातील जमीन जलाशयाखाली गेली ती या मुलखाची. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खालच्या लाभक्षेत्रात त्याचा दहावा भागही मोठ्या मुश्किलीने. तरीही भाताचे एक पीक निघाले की वरचा शेतकरी खालच्या बागायती गावांत मजुरीला जातो. ज्याच्या शिवारावर पाऊस पडला, तो त्याच पाण्यावर पिकलेल्या दुसऱ्याच्या शेतात राबतो. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ मध्ये झाला. त्याच्या आधारे नगर आणि मराठवाडा यांचा वाद न्यायालयांपर्यंत गेला. हे दोन्ही पक्ष रंध्याच्या खालचेच!

डोंगरावर पाणी चढविणे परवडत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर घाटघरलाच मिळते. २००८ मध्ये तेथे सुरू झालेला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प विजेची मागणी कमी असताना घाटाखालचे पाणी वर चढवितो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करतो. विजेसाठी पाणी घाट चढू शकते, तर पिण्यासाठी व एखाद्या रब्बी पिकासाठी जलाशयाकाठच्या वाडीपर्यंत ते का चढू नये? हे पाणी फारसे लागणारही नाही. उणीव तंत्राची नाही, अग्रक्रमाची आहे.

धरणाच्या शताब्दीच्या निमित्ताने समारंभ होतील, भाषणे होतील. त्याऐवजी शासनाने एखाद्या विद्यापीठाकडे वरच्या गावांची पाहणी सोपवावी. खालचे आवर्तन ठरण्यापूर्वी या गावांचा वाटा राखून ठेवावा. आणि पर्यटकांकडून गोळा होणाऱ्या शुल्कातील निश्चित हिस्सा ग्रामसभांना द्यावा. ही भीक नव्हे, शंभर वर्षांची थकबाकी आहे. गाडगीळांनी उघडलेल्या वहीचे दुसरे पान अजून कोरे आहे; ते भरणे हेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.