शब्द चुकला, पुस्तक हरपले

आजी दळताना म्हणे त्या ओव्यांवर मला निबंध लिहायचा होता. ग्रंथालयाच्या संगणकावर 'ओव्या' हा शब्द टाकला. उत्तर आले, एकही पुस्तक नाही! ग्रंथपाल सरांनी 'लोकगीते' हा विषय काढला, तर तीन पुस्तके कपाटात हजर! पुस्तके होती, आजीचा शब्द तेवढा सूचीत नव्हता.

एका विषयाला एकच मथळा हवा, हे मान्य. नाहीतर 'शेती' एकीकडे अन् 'कृषी' दुसरीकडे जाईल. पण तो शब्द ठरवताना ज्यांचा विषय त्यांना कोणी विचारते का? झांबियातील विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करताना सॅनफर्ड बर्मन यांना आढळले की, अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत आफ्रिकेतील लोकांसाठी 'काफिर' हा अपमानकारक मथळा आहे. अशा मथळ्यांवर त्यांनी १९७१ साली पुस्तकच लिहिले. पुढे त्यांतले अनेक बदलले.

आपले मागणे याहून लहान आहे. 'ओव्या – पाहा : लोकगीते' एवढी एक नोंद पुरे. मित्रहो, न सापडलेले शब्द लिहून ग्रंथपालांकडे देऊ या. नाहीतर कपाटातले पुस्तक असून नसल्यासारखेच!