रिश्त्याचा फोटो आणि एक दिवा

आमच्या थोरल्या भावाच्या मुलीचा बायोडाटा ईदनंतरच्या आठवड्यात तयार झाला. शिक्षण, नोकरी, खानदान, सगळं एका पानावर बसलं. अडलं ते फोटोपाशी. बाजारपेठेतल्या एका स्टुडिओत तो काढून घेतला होता. दोन्ही बाजूंना सारख्या ताकदीचे दोन दिवे, मागे पांढरा पडदा आणि नंतर कॉम्प्युटरवर 'थोडी सफाई'. फोटो हातात आला तेव्हा सावळी मुलगी गोरी झाली होती, नाक चपटं दिसत होतं आणि हनुवटीवरचा तीळ गायब होता. आमची बहीण, म्हणजे तिची फुफी, खूश होऊन म्हणाली, "माशाअल्लाह! हाच पाठवा."

मुलगी शांतपणे म्हणाली, "फुफी, हा फोटो बघून कोणी होकार दिला, तर तो मला दिला असं कसं म्हणायचं?"

यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ फोटोग्राफी शिकतो आहे. तो मित्राकडून एक सॉफ्टबॉक्स घेऊन आला. बाहेरून काळी, आतून चंदेरी अशी कापडी पेटी, तोंडाला पांढरं झिरझिरीत कापड आणि आत फ्लॅश. आम्ही विचारलं, "बेटा, एकच दिवा? दुकानात तर दोन होते." तो म्हणाला, "चाचा, दोन्हीकडून सारखा उजेड आला की सावलीच पडत नाही. आणि सावली नसेल तर नाक कुठे उठतं, गाल कुठे वळतो, ते कॅमेऱ्याला कळणार कसं?"

मऊ उजेडाचं गणित त्याने आम्हांला अंगणात नेऊन समजावलं. सूर्य एवढा प्रचंड, पण इतका दूर की आकाशात लहानसा दिसतो, म्हणून दुपारच्या उन्हात सावलीची कड सुरीसारखी. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. म्हणजे दिवा चेहऱ्याच्या मानाने मोठा दिसला पाहिजे. दोन बाय तीन फुटांची पेटी चेहऱ्यापासून दोन फुटांवर ठेवली तर उजेड मऊ; तीच खोलीच्या कोपऱ्यात नेली तर कडक. आम्ही आजवर उलटं समजत होतो, दिवा लांब तेवढा सौम्य!

त्याने पडदे ओढले आणि ट्यूबलाइट बंद केली, नाहीतर तिची हिरवट झाक चेहऱ्यावर येते. सॉफ्टबॉक्स मुलीच्या उजव्या हाताला, समोरून साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांपेक्षा थोडा उंच. आमच्या दिवाणखान्याची भिंत पांढरी आहे. दुकानात पांढऱ्या पडद्यापुढे ती कापून चिकटवल्यासारखी दिसत होती, त्यामुळे आम्ही चादर शोधायला निघालो. तो म्हणाला, "राहू द्या." मुलीला भिंतीपासून पुढे आणून बसवलं. दिवा चेहऱ्यापासून २ फूट, भिंत दिव्यापासून ८ फूट. अंतर चौपट झालं की उजेड साधारण सोळावा हिस्सा उरतो. फोटोत तीच भिंत गडद राखाडी आली आणि तिचा फिकट गुलाबी हिजाब तिच्यावर छान उठून दिसला. काळा हिजाब असता तर भिंतीजवळ सरकावं लागलं असतं, नाहीतर काळ्यात काळं मिसळून नुसता चेहरा तरंगतो.

डावा गाल जरा जास्तच अंधारात जात होता. तिथे फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा भावजयीने हातात धरला. हा रिफ्लेक्टर! जवळ आणला की सावली हलकी, मागे नेला की गडद. भावजय दहा मिनिटं उभी राहून कंटाळली, पण हललीसुद्धा नाही.

खरी कटकट चष्म्याने केली. दोन्ही काचांत पेटीचा पांढरा चौकोन. फुफी लगेच म्हणाली, "चष्मा काढ, नाहीतरी रिश्त्याच्या फोटोत चष्मा कशाला?" मुलीने काढला नाही. पुतण्याने स्टँड वीतभर वर केला, तिला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगितली आणि चौकोन काचेतून निघून गेला. आरशावरून कवडसा उडवतो तोच नियम, ज्या कोनात उजेड येतो त्याच कोनात परततो. कोन बदलला की तो कॅमेऱ्याकडे येत नाही.

फोटो आला. रंग सावळाच, पण त्या सावळेपणाला तजेला होता. तीळ जागेवर. कॉम्प्युटरवर त्याने कपाळावरची एक ताजी पुटकुळी तेवढी पुसली. ती आठवड्यात जाणारच होती म्हणे.

दुकानात दिलेले पैसे वाया गेले याचं आम्हांला दुःख नाही. त्या कारागिराचंही काय चुकलं? गिऱ्हाईक जे मागतं ते तो देतो, आणि 'जरा उजळ करा' असं काउंटरवर सांगणारे आम्हीच होतो. मुलगी तेव्हा शेजारीच उभी होती.

बायोडाटा नव्या फोटोसह, चष्म्यासह गेला आहे. उत्तर अजून यायचं आहे. दरम्यान फुफी रविवारी पांढरी ओढणी इस्त्री करून घेऊन आली आणि थर्माकोल कुठे ठेवलाय, असं विचारत होती.