गृहीतक सिद्ध झाले!

आपल्याकडच्या प्रबंधांमध्ये एक चमत्कार दडलेला आहे. विद्यार्थी नापास होतात, पिकं नापास होतात, सरकारी योजना तर नापास होतातच. पण संशोधकाचं गृहीतक म्हणून नापास होत नाही. समाजशास्त्र घ्या, शिक्षणशास्त्र घ्या, वाणिज्य घ्या नाहीतर ग्रंथालयशास्त्र. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक प्रबंधांत शेवटून दुसऱ्या प्रकरणात ते ठरलेलं वाक्य येतंच: 'सबब, गृहीतक सिद्ध झाले.'

माझा विषय संख्याशास्त्र. त्यामुळे दर उन्हाळ्यात दोन-चार संशोधक भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेक जण कष्टाळू असतात, नोकरी आणि घर सांभाळून हे करत असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांची मागणी ऐकली की राहवत नाही. मध्यंतरी एक जण म्हणाले, "सर, काय-स्क्वेअर लावा, टी-टेस्ट लावा, काहीही लावा. फक्त रिझल्ट सिग्निफिकंट आला पाहिजे. गाइडनी तसं सांगितलंय."

म्हणजे निकाल आधी, गणित नंतर. लग्न ठरल्यावर गुरुजींकडून पत्रिका जुळवून घ्यावी, तसं.

आणि पत्रिका जुळतेही! कशी, ते सांगतो. समजा प्रश्नावलीत ४० प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्नाची उत्तरं पाच गोष्टींशी ताडून बघायची: स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, उत्पन्न आणि शहर-खेडं. झाल्या २०० चाचण्या. आता समजा यातल्या कशाचाही कशाशी काडीचा संबंध नाही. तरीसुद्धा ०.०५ ची पातळी धरली तर सरासरी १० चाचण्या निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' ठरणार. त्या दहा उचलायच्या, तक्त्यात मांडायच्या, बाकीच्या १९० विषयी गप्प बसायचं. सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला काय कळतंय? बटण दाबलं की ते उत्तर देतं.

बरं, हा ०.०५ तरी आला कुठून? रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात तो एक सोयीची मर्यादा म्हणून वापरला, आणि पुढच्यांनी त्याला शेंदूर फासून देव केला. शेवटी २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून सांगावं लागलं, की पी-व्हॅल्यू म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता नव्हे, आणि नुसती एक मर्यादा ओलांडली म्हणून निष्कर्ष काढू नयेत. म्हणजे हा रोग आपलाच नाही, जगभरचा आहे. पण आपल्याकडे त्यावर उलट एक चांगला उतारा होता, म्हणून जास्त वाईट वाटतं.

इरावती कर्वे आठवा. त्यांचं 'युगान्त' सगळ्यांना माहीत असतं, बर्लिनमधला प्रबंध फारसा कोणाला माहीत नसतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या तिथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. (हे वेगळे फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या विचारातलं तेव्हाचं बडं प्रस्थ.) गोऱ्या युरोपीयांच्या कवटीतला डाव्या-उजव्या बाजूंचा फरक इतरांपेक्षा वेगळा असतो आणि त्याचं नातं त्यांच्या वरचढ बुद्धीशी आहे, अशी मार्गदर्शकांची कल्पना. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की वंशावरून असा काही फरक दिसत नाही. परका देश, परकी भाषा, पदवी मार्गदर्शकाच्या हातात. तरीही मापांनी 'नाही' म्हटलं तेव्हा बाईंनीही 'नाही'च म्हटलं. आणि आपल्याकडे गाइडची मर्जी सांभाळण्यासाठी आकडे वाकवतात!

दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. माणूस गणिती. प्राचीन आहत नाण्यांकडे वळले तेव्हा त्यांनी नाण्यांना संख्याशास्त्राचा शिक्का मारला नाही, आधी प्रश्न विचारला: नाणं हातोहात फिरताना झिजतं, मग ती झीज काही सांगेल का? त्यासाठी आधी आपल्या काळातली चलनातली नाणी तोलून बघितली, मग तक्षशिलेच्या साठ्यांतली नाणी तराजूत घातली. मागच्या बाजूच्या खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असं त्यांना आढळलं. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे नाणेतज्ज्ञांनी आक्षेप घेतले. घेणारच! पण आक्षेप घेता आला, कारण तराजू सगळ्यांसमोर ठेवलेला होता. आमच्या 'सबब, सिद्ध झाले'वर कोण आणि कशाला आक्षेप घेणार?

यावर मराठी-इतिहासवाल्या मित्रांचं एक ठरलेलं उत्तर असतं: "म्हणूनच म्हणतो, माणसाच्या विषयात आकडे आणूच नका." हेही मला पटत नाही. झीज मोजल्याशिवाय नाण्यांचा क्रम कसा लावणार? कवट्या मोजल्या नसत्या तर फिशरमहाशयांच्या कल्पनेला कोणी अडवलं असतं? गणित विषयाला शास्त्रीय मुलामा देण्यासाठी नसतंच. आपल्या लाडक्या कल्पनेला तोंडावर 'नाही' म्हणू शकणारा एक माणूस घरात असावा, म्हणून ते हवं. त्याचं तोंड आधीच बांधून ठेवायचं असेल तर खुशाल आकड्यांशिवाय लिहा. मुलाखती घ्या, दप्तरं वाचा, चांगलं निरीक्षण मांडा. त्यात कमीपणा काय आहे?

माझं मागणं फार नाही. प्रश्नावली वाटण्याआधी संशोधकाने एका कागदावर लिहून द्यावं: 'अमुक चाचणी लावणार, आणि अमुक उत्तर आलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन.' त्यावर मार्गदर्शकाची सही आणि तारीख. तो कागद प्रबंधात पहिल्या पानावर लावावा. मग गृहीतक नापास झालं तरी पदवी द्यावी. किंबहुना अशा प्रबंधाला आधी द्यावी.

पण हे होणार नाही, हेही कळतं. बढत्या, वेतनवाढी, गाइडकडची विद्यार्थिसंख्या, सगळंच त्या 'सिद्ध झाले'वर उभं आहे. त्याच प्रबंधांच्या आधारावर उद्या कोणीतरी शाळेचं धोरण ठरवतं, बचतगटांची योजना आखतं, आणि फसलेल्या योजनेचा खर्च ज्यांच्या खिशातून जातो त्यांना काय-स्क्वेअर हा शब्दही माहीत नसतो.

असो. उन्हाळा जवळ आलाय, गठ्ठे येतीलच. यंदा मात्र कोणी आलं की आधी तो कागद मागणार आहे. कागद नाही, तर चहा मिळेल, चाचणी नाही.