पोरांसाठी परदेशी निघालात? आधी पोराची जन्मतारीख बघा

सध्या आमच्या मिरज-सांगली पट्ट्यात चौकाचौकांत बॅनर दिसतात. ‘जर्मनीत नोकरी’, ‘यूकेत नर्सिंग’, ‘सहकुटुंब कॅनडा’. बॅनरवर एक हसरं कुटुंब असतं. आई, बाप आणि बापाच्या कडेवर लेकरू. ते लेकरू कायम चार-पाच वर्षांचंच. मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा पोरगा मी त्या बॅनरवर अजून बघितलेला नाही. खरी गोम तिथंच आहे.

कारण निघणारे सगळे काही पंचविशीतले नसतात. पंधरा-वीस वर्षं नाइट ड्युटी केलेल्या सिस्टर असतात, चाळिशीत आयटीतून नारळ मिळालेले इंजिनिअर असतात, आखातात जायच्या तयारीतले फिटर असतात. त्यांची पोरं अकरावी-बारावीला, नाहीतर कॉलेजात. मी बारावीनंतरच्या प्रवेशाचे फॉर्म भरून देतो, त्यामुळे ही घरं माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. आईबापाचं वाक्य ठरलेलं : “आम्ही आमच्यासाठी थोडंच चाललोय? पोरांसाठी चाललोय.”

माझं स्पष्ट म्हणणं आहे, की पोरगं सतरा-अठराचं झालं असेल तर हे वाक्य खरं ठरण्याची शक्यता फार कमी. आईबाप फसवत नाहीत हो, त्यांना अर्धंच सांगितलेलं असतं.

आता नियम बघा. जर्मनीत आईबापाच्या नोकरीवर मागाहून जायचं तर मूल १८ च्या आतलं आणि अविवाहित पाहिजे. यूकेत १८ पूर्ण झालेल्याला पहिल्यांदा डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. केअर वर्करना तर ११ मार्च २०२४ पासून लहान मूलसुद्धा नेता येत नाही. कॅनडात हद्द २२ वर्षांची. अमेरिकेत २१ ची, आणि तिथली आपल्या लोकांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब, की पाचवीत नेलेलं पोरगं रांगेतच एकवीसचं होतं आणि डिपेंडंट व्हिसातून बाहेर पडतं. त्यातल्या त्यात यूएईचं बरं, मुलगा २५ पर्यंत आणि अविवाहित मुलीला वयाची अटच नाही. पण तिथंही बापाचा पगार ठरावीक रकमेच्या वर लागतो.

म्हणजे आपण ज्याला ‘अजून लहान आहे’ म्हणतो, त्याला तिकडचा कायदा परका माणूस समजतो.

साधा हिशेब करू. आई नर्स आहे, मुलगा साडेसोळाचा. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकायला वर्षभर धरा. पदवीची मान्यता, कागदपत्रं, व्हिसा यात आणखी सहा महिने. झाला की पोरगा अठराचा! मग तो जाणार विद्यार्थी म्हणून, स्वतःच्या व्हिसावर. नुसत्या बारावीवर बहुतेकांना तिथल्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळत नाही, आधी तयारीचं वर्ष करावं लागतं. खर्चाची हमी वेगळी. ती बँकेत पैसे अडकवून द्यायची तर वर्षाला ११,९०४ युरो. आई ज्या देशात पगार घेते, त्याच देशात जायला पोराला ही तजवीज. यातलं काय त्या बॅनरवर लिहिलंय?

बरं, वय बसतंय म्हणून घाईघाईनं अकरावी अर्धी सोडून नेलं तर? आपल्याकडे एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या जागेसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि वर डोमिसाइल, हा सर्वसाधारण नियम आहे. बारावी बाहेर केली की ते दार बंद. तिकडे यूकेत वर्क व्हिसावाल्याच्या मुलाला विद्यापीठात सहसा परदेशी विद्यार्थ्याचीच फी पडते. पोरगं इकडचंही राहत नाही, तिकडचंही होत नाही. आणि आपण म्हणतो त्याच्यासाठी चाललोय.

याहून वाईट गोष्ट मुलींच्या बाबतीत कानावर येते. “एकोणीसची झालीय, व्हिसात बसत नाही, एकटी कुठं ठेवायची? उरकून टाकू आणि मग निघू.” ज्या परदेशवारीचं नाव पोरांच्या भविष्यासाठी घेतलं, तिच्यासाठी पोरीचं बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला थांबवायचं? एखाद्या दूतावासाच्या वयाच्या अटीवरून आपल्या घरात लग्नाची तारीख ठरायला लागली, तर याला प्रगती कुठल्या तोंडानं म्हणायचं?

सरकारलाही सांगायचंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुटेनबर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल माणसं पाठवायचं ठरलं. करार चांगला आहे, माझा विरोध नाही. पण तेव्हापासून बोलणं सगळं ‘मनुष्यबळा’चं. मनुष्यबळाला बारावीतली पोरं नसतात, माणसाला असतात. जिल्ह्याजिल्ह्यात मार्गदर्शन केंद्रं काढता, तर पहिल्याच फॉर्मवर एक रकाना वाढवा : मुलांच्या जन्मतारखा. आणि त्यासमोर लिहून द्या, कोण बरोबर येऊ शकेल आणि कोण नाही. एजंटांनाही हेच बंधन घाला. पैसे घेण्याआधी, नंतर नाही.

“मग काय, जाऊच नये का?” असं कुणी विचारेल. जरूर जा. इथं खाजगी दवाखान्यात नर्सच्या हातात काय पगार पडतो हे मला ठाऊक आहे. कर्ज फेडायला जा, म्हातारपणासाठी जा, स्वतःला जग बघायचंय म्हणून जा. पंचेचाळिशीतल्या बाईनं स्वतःसाठी काही करू नये असं कुठं लिहिलंय? पण मग तसं उघड म्हणा. पोरांच्या डोक्यावर उपकाराचं ओझं ठेवून जाऊ नका. त्या ओझ्याचा हिशेब पुढं वीस वर्षं चालतो. “तुझ्यासाठी घर सोडलं” आणि “मी कुठं सांगितलं होतं” ही भांडणं मग व्हिडिओ कॉलवर होतात.

आणि सगळ्यात आधी पोराला विचारा. अठराव्या वर्षी त्याला मत देता येतं, तो आमदार-खासदार निवडतो. पण आपलं घर कुठल्या देशात असावं या बैठकीत त्याला चहा आणायला पाठवतात! तो कदाचित म्हणेल, मी आजीजवळ राहतो, इंजिनिअरिंग इथंच करतो, तुम्ही दोघं जा. ते ऐकायची तयारी ठेवा. मागं राहणाऱ्यासाठी हॉस्टेल, पैसे, आजारपणात धावून येणारं माणूस, हे सगळं तिकीट काढायच्या आधी ठरवा.

तुमच्या ओळखीत कुणी पासपोर्ट-व्हिसाच्या गडबडीत असेल आणि घरात सोळा-सतराचं पोरगं असेल, तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. नियम बदलत राहतात, त्यामुळे माझ्यावरही विसंबू नका. त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचा, आणि पोराला शेजारी बसवून वाचा. इंग्रजी त्याचं आपल्यापेक्षा बरं असतं.